तिची बारी आहे

अमरावतीत आमच्या आळीच्या तोंडाशी एक किराणा दुकान होतं. तिथून मी लहानपणी नेहमी भलतंच सामान घेऊन यायची. आईने गूळ सांगितला की मी साखर आणायची, तुरीची डाळ सांगितली की मसूर. आईला वाटायचं, पोरीचं लक्ष नाही. लक्ष होतं. घरापासून दुकानापर्यंत मी 'गूळ, गूळ' असं घोकत जायची आणि मनातल्या मनात तो शब्द अगदी साफ निघायचा. दुकानाच्या फळीपुढे उभी राहिले, दुकानदाराने "क्या होना बेटी?" म्हणून विचारलं, की 'ग' घशात जाऊन बसायचा. ओठ हलायचे, मान ताणली जायची, आवाज मात्र नाही. मागे गिऱ्हाइकं उभी असायची. शेवटी जो शब्द बाहेर येईल तो सोडून द्यायचा. साखर बाहेर यायची, म्हणून साखर.

मी तोतरी होते. आजही आहे. पण ते अडणं मी इथे अक्षरं तोडून, टिंबं देऊन लिहिणार नाही. कागदावर ते गमतीचं दिसतं आणि आम्हाला त्यात कधी गंमत वाटली नाही. नावंही मी कुणाची लिहीत नाही. तोतऱ्या माणसाला सगळ्यात कठीण शब्द कोणता, तर स्वतःचं नाव. बाकीच्या शब्दांना दुसरा शब्द सापडतो, नावाला सापडत नाही.

उपाय सगळे झाले. वेखंड उगाळून जिभेवर लावलं. अक्कलकाऱ्याचा तुकडा गालात धरायला लावला. त्याने जीभ बधिर व्हायची, लाळ गळायची, आणि शेजारच्या मावशी म्हणायच्या, आता गुण येऊन राहिला. पोपटाने चोच मारलेला पेरू खाल्ला की जीभ सुटते असं कुणीतरी सांगितलं, तर वडील कचेरीतून येताना बागवानाकडून तसे पेरू निवडून आणायचे. आमच्याकडे पेरूला जांब म्हणतात. कोर्टातला कारकून माणूस, दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडचं उतरवून घेणारा, संध्याकाळी धोतराच्या सोग्यात उष्टे जांब घेऊन घरी यायचा. मी ते खायची. गोड असायचे, एवढंच.

शाळेत मी हुशारांत नव्हते. उत्तर येत असायचं, पण "येत नाही" म्हणून खाली बसायची, कारण 'येत नाही' हे शब्द निघायचे. हळूहळू माझ्या डोक्यात शब्दांचा एक वेगळाच बाजार भरला. हा शब्द अडेल, त्याऐवजी तो घ्यायचा; तोही अडेलसं वाटलं तर खोकायचं, पदर सावरायचा, समोरच्याला बोलू द्यायचं. मॅट्रिकला येईपर्यंत मी त्यात इतकी तयार झाले होते की पुष्कळांना माझं तोतरेपण कळायचंच नाही. मी अबोल आहे, एवढंच कळायचं.

एकदाच काहीतरी निराळं घडलं होतं. वडील मला मोझरीच्या आश्रमात घेऊन गेले होते. संध्याकाळची प्रार्थना होती, सगळी माणसं मांडी घालून रांगांत बसलेली, बायाबापड्या, शेतकरी, पोरं. सगळ्यांनी एका आवाजात म्हणायला सुरुवात केली आणि मीही म्हणू लागले. शेवटपर्यंत कुठे अडले नाही. ग आला, क आला, प आला, सगळे आपापल्या जागी येऊन गेले. मला रडू आलं. परतताना एस.टी.त मी तेच शब्द एकटीने म्हणून पाहिले, तर पहिल्याच ओळीवर अडले. ही त्या जागेची कृपा, असं मी धरलं आणि गप्प बसले.

शिवण आणि चित्रकला हे विषय मी घेतले ते त्यात बोलायचं कमी म्हणून. शिक्षिकेचं ट्रेनिंग झालं आणि साठच्या आगेमागे अकोल्याला मुलींच्या एका प्राथमिक शाळेत नोकरी लागली. हजर व्हायला गेले तेव्हा मुख्याध्यापिकांनी नाव विचारलं. मी हसून प्रमाणपत्रच पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, मान हलवली. सुटले.

शाळा मोर्णा नदीच्या अलीकडे, एका जुन्या कापसाच्या गोदामात होती. वर्ग पाडण्यासाठी मध्ये लाकडी पडद्या घातलेल्या. एका वर्गात बोललेलं दुसऱ्या वर्गात ऐकू यायचं. माझ्या शिवणाच्या वर्गाशेजारी चौथीचा वर्ग होता. तिथल्या बाई लग्न होऊन गेल्या आणि जून महिन्यात त्यांच्या जागी नवीन बाई आल्या.

मी तिला पाहिलं नव्हतं, आधी ऐकलं. माझ्या मुली रुमालाची दुमड घालत होत्या. पलीकडून बाकांचा आवाज आला, मुली उभ्या राहिल्या, बसल्या. मग काहीच नाही. बराच वेळ काही नाही. माझ्या हातातली सुई थांबली. ती शांतता मला ओळखीची होती. तिच्यात काय चाललंय हे मला पडदीच्या अलीकडूनही दिसत होतं.

मग आवाज आला. शाळेत आम्ही सगळ्या पुस्तकी मराठी बोलायचो, निदान तसा प्रयत्न करायचो. ही बाई मात्र सरळ आपल्या घरच्या बोलीत बोलत होती.

"पोरीहो, माही एक गोष्ट आधी आयका. मी बोलतानी अडकते. आता अडकली होती न, तशी. शब्द मले येते, पन त्याले बाहेर निंघाले येळ लागते. तवा तुमी थांबजा. माह्या तोंडचा शब्द तुमी सांगू नका. हसू आलं त हसून घ्या, मंग पुन्हा थांबजा."

एवढं बोलायला तिला किती वेळ लागला असेल! मध्ये दोन-तीन ठिकाणी ती चांगलीच अडली. पण पळाली नाही. शब्द बदलला नाही. जो शब्द धरला होता तोच घेऊन बाहेर आली. दोन-चार मुली हसल्या. ती थांबली. हसणं संपलं.

"आता इचारा काय इचाराचं ते."

एक बारीक आवाज आला, "बाई, दुखते का जी?"

"नाई. दुखत नाई. पैले लाज वाटे. आता नाई वाटत."

"तुमाले औषध नाई भेटलं काय?"

"लय खाल्लं बाप्पा. तोंड कडू झालं, बाकी काई नाई झालं."

"आमाले होईन काय मंग?"

"काहून होईन? हे काई खरूज आहे काय?"

सगळा वर्ग हसला, तीही हसली. माझ्या वर्गातल्या मुलीसुद्धा पडदीच्या अलीकडे हसू लागल्या. मी मान खाली घालून शिवणाचं कापड पाहत राहिले, कारण माझ्या डोळ्यांत काय आहे ते मुलींना दिसू द्यायचं नव्हतं. माणूस हे तोंडाने सांगू शकतो? भर वर्गात, पहिल्याच दिवशी? मी त्या गोष्टीसाठी सगळं आयुष्य भिंती बांधत आले होते आणि ही बाई दार उघडं टाकून आत बसली होती.

मधल्या सुट्टीत मागच्या व्हरांड्यात आम्ही चहाला बसलो. माझ्याच वयाची, सावळी, ठेंगणी, पांढऱ्या सुती लुगड्यातली. तेल्हाऱ्याकडच्या खेड्यातली. वडील जिनिंगमध्ये मजूर. घरात शिकलेली पहिली तीच. ती सरळ म्हणाली, "आमी बौद्ध आहो," आणि माझ्याकडे पाहिलं. मी आपला कप तिच्या कपाला लावून ठेवला. त्या वेळी आमच्या शाळेत कुणाचा कप कुणाच्या कपाजवळ ठेवायचा यालाही अर्थ होता.

मग तिने विचारलं, "सकाळी तू पोरींले 'कात्री' म्हनत होती न? मंग 'ते कापायचं द्या' काहून म्हनलं?"

मी म्हणाले, "सहज."

"सहज नाई व माय. मी बी लय वर्सं असंच केलं. क आला का पळाचं. मले आयकू येते ते पळनं."

आजवर कुणाला ऐकू आलं नव्हतं. तिने आग्रह केला नाही, चहा पीत राहिली. आणि मग मी तिला मोझरीच्या प्रार्थनेची गोष्ट सांगितली. का सांगितली कोण जाणे, आईशिवाय कुणालाच सांगितली नव्हती. सांगताना अडले. तिने माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं नाही, नजर फिरवलीही नाही. नुसती बसून राहिली, वेळच वेळ असल्यासारखी.

ऐकून ती म्हणाली, "माह्यासंगं बी असंच झालं. छप्पन साली आमी समदे नागपूरले गेलो, दीक्षेले. मी सोळा-सतरा वर्साची असन. मैदानात मानसंच मानसं. समदे एकदम बोलले, मी बी बोलली. एक शब्द अडला नाई. घरी येतानी रेल्वेत मायले पानी मागतलं, त प वरच अडली. तवा मी इचार केला. जीभ त तीच होती न? कालची बी तीच अन् आजची बी तीच. मंग खोट जिभेत कशी असन?"

"मग कशात?"

"थे मले मालूम नाई. पन समदे संगं होते, कोनी माह्या तोंडाकडं पाहून नोयतं राहिलं. कोनाले घाई नोयती. म्हनून मी ठरवलं, घाई नसनारे लोक आपनच तयार कराचे."

मी त्याच अनुभवातून कृपा घेऊन घरी आले होते. तिने त्यातून एवढा विचार काढला होता. चहाचा कप हातात तसाच धरून मी तिच्याकडे पाहत राहिले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर काही पालक शाळेत आले. त्यांचा पुढारी कापूस बाजारातला एक अडत्या होता, चांगलं नाव असलेला. मुख्याध्यापिकांच्या खोलीत मला हजेरीपटासाठी बोलावलं होतं, म्हणून मी ते ऐकलं. त्यांचं म्हणणं होतं, तोतरी बाई मुलींना शिकवेल तर मुली तोतऱ्या होतील. चौथीचं वर्ष आहे, बाई बदला. मुख्याध्यापिका भल्या होत्या, पण भित्र्या. त्यांनी डिप्टीसाहेबांना कळवते म्हणून सांगितलं. शाळा तपासणाऱ्या अधिकाऱ्याला आमच्याकडे डिप्टीसाहेब म्हणायचे.

मी तिला सांगितलं तेव्हा ती फळा पुसत होती. म्हणाली, "तोतरेपन सांगून राहिले. दुसरं जे मनात हाये थे सांगाची त्याईले हिंमत नाई. थे मी बदलू शकत नाई अन् बदलाचं बी नाई. पन तोतरेपनाचं काय होते थे मात्र दाखवता येते. येऊ दे साहेबाले."

साहेब आले. पुण्याकडचे होते, नवीनच बदलून आलेले, आमची बोली ऐकली की त्यांच्या भुवया वर जायच्या. अडत्या आणि आणखी दोन पालकही बोलावले होते. मुख्याध्यापिकांनी मलाही येऊन बसायला सांगितलं. मी दाराजवळ स्टूलावर बसले.

ती अकोला जिल्ह्याच्या नद्या शिकवत होती. भिंतीवर नकाशा. मोर्णा कुठून येते ते सांगितलं, मग ती जिला मिळते त्या नदीचं नाव सांगायचं होतं. पूर्णा. आणि ती प वर अडली.

मी अनेकदा अडले आहे, पण दुसऱ्याला अडलेलं असं बसून पाहिलं नव्हतं. तिचे ओठ मिटलेले, मान जराशी पुढे, बोट नकाशावरच्या निळ्या रेघेवर. साहेबांनी चष्मा काढला. अडत्याने शेजारच्याकडे पाहिलं, बघा म्हटल्यासारखं. मी मनात तिला ओरडून सांगत होते, मोठी नदी म्हण, ही नदी म्हण, बोटाने दाखव, सुट तिथून. ती सुटली नाही. तिने ते बोट उचललं नाही. आणि मुली? मुलींना काही झालंच नव्हतं. एक रिबीन बांधत होती. एक पाटीचा कोपरा पुसत होती. बाकीच्या बाईंकडे पाहत होत्या, जसं कुणी पाणी भरून होईस्तोवर घागरीकडे पाहतं. पूर्णा. शब्द आला. धडा पुढे गेला.

साहेबांनी मग स्वतः प्रश्न विचारायला सुरुवात केली. पहिल्या दोन-तीन मुलींनी पटापट सांगितलं. त्यांच्यात अडत्याची मुलगीही होती, तिने तर धड्याचा उतारा खणखणीत वाचून दाखवला. मग साहेबांनी मागच्या बाकावरच्या एका मुलीला उठवलं. ती तोतरी नव्हती, लाजाळू होती. मी तिला ओळखत होते, शिवणाच्या तासालाही ती हळूच बोलायची. साहेबांनी विचारलं, "आपलं अकोला कोणत्या नदीच्या काठी आहे?"

मुलगी उभी राहिली. खाली पाहू लागली. वेळ जाऊ लागला. हा प्रश्न तर अगदी सोपा, नदी खिडकीतून दिसत होती. कुठल्याही वर्गात एव्हाना पाच-पंचवीस हात वर गेले असते, सर मी, सर मी, असा कल्ला झाला असता, कुणीतरी मागून उत्तर कुजबुजलं असतं. या वर्गात एक हात वर आला नाही. एक ओठ हलला नाही. साहेब गोंधळले. त्यांनी वर्गाकडे पाहून विचारलं, "काय गं, बाकी कोणालाच येत नाही?"

पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. बांगडीवाल्याची मुलगी, दोन वेण्यांची. ती म्हणाली, "येते जी. समद्याईले येते. पन तिची बारी आहे."

साहेबही थांबले. आणि थोड्या वेळाने मागच्या बाकावरून आवाज आला, बारीक पण स्पष्ट, "मोर्णा."

आम्ही दोघी त्या दिवसापर्यंत समजत होतो की ती मुलींना आपल्यासाठी थांबायला शिकवते आहे. त्या मुली सगळ्यांसाठी थांबायला शिकल्या होत्या. हे तिलाही माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर तीही माझ्यासारखीच थक्क होऊन उभी होती.

साहेबांनी अडत्याच्या मुलीला जवळ बोलावून विचारलं, "तुमच्या बाई अडतात, तेव्हा तुला काय वाटतं?"

मुलगी विचारात पडली. प्रश्न कळला नसावा. म्हणाली, "अडतात. मंग बोलतात."

जाताना साहेब मुख्याध्यापिकांना एवढंच म्हणाले, "बाई इथेच राहतील. आणि इतर शाळांतल्या शिक्षकांना हा वर्ग दाखवा." अडत्याने तरीही आपली मुलगी दुसऱ्या शाळेत घातली, सोबत आणखी दोघींनी नावं काढली. पुढे त्यांतली एक परत आली. अडत्याची नाही आली. ती रस्त्यात भेटली की बाईंना हात करायची.

मुख्याध्यापिकांना त्या तपासणीने बळ आलं. त्यांनी मुलींच्या आयांची सभा बोलावली, तोतरेपणाबद्दल बाई सांगतील म्हणून. सभेच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "उद्या तू बी बोलजो."

"मी? कुणाला माहीत नाही माझं."

"म्हनूनच. माहं समद्याईले दिसते. तुह्यासारख्या किती हायेत, ज्याईचं कोनाले दिसत नाई. त्याईच्यासाठी बोल."

दुसऱ्या दिवशी मी उभी राहिले. समोर सतरंजीवर बाया, कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात भाजीची पिशवी. मी ठरवलं होतं, नावापासून सुरू करायचं. नाव आलं नाही. मी शब्द शोधायला धावले, सवयीने, आणि मग थांबले. नावाला दुसरा शब्द नव्हताच. मी तिथेच उभी राहिले. पोटातून भीती वर आली, गळ्यापर्यंत, आणि तिथून उतरू लागली. असं होतं हे मला माहीतच नव्हतं. मी कधी तिथवर थांबलेच नव्हते. मग माझं नाव मी सांगितलं. पुढे सांगितलं की मी मुकी नाही, मठ्ठ नाही, मला वेखंड नको होतं, जांब नको होते, मला फक्त थोडा वेळ हवा होता. पोरांना मारू नका, त्यांचा शब्द तुम्ही पुरा करू नका, 'नीट बोल' म्हणू नका. बोलून झालं तशी मी खाली बसले. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "पोरगी लय दिवसाची उपाशी होती व बोलाची." सगळ्या हसल्या. मीही.

त्या सभेला बांगडीवाल्याची बायको आली होती, त्या दोन वेण्यांच्या मुलीची आई. सगळ्या गेल्यावर ती मागे राहिली. तिची मोठी मुलगी अठरा-एकोणीसची, अशीच अडणारी. तिचा निकाह ठरला होता. मुलगी रात्रंदिवस एकाच शब्दाला घाबरत होती. "क उसका निकलताच नहीं बाई," ती म्हणाली. "सबके सामने कुबूल कैसे बोलेगी? चुप रही तो लोग समझेंगे, लड़की को मंज़ूर नहीं."

आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलीचे मामू निकाहाचे वकील होणार होते, म्हणजे मुलीची रजामंदी विचारून बाहेर सांगणारे. पांढऱ्या दाढीचे, शांत गृहस्थ. माझ्या मैत्रिणीने आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांना सगळं समजावलं, आणि समजावताना स्वतःही अडली. ते ऐकत राहिले. म्हणाले, "सिर हिला दे, तो भी काफ़ी है. कोई ज़बरदस्ती नहीं."

पडद्याआडून मुलीचा आवाज आला. यायला वेळ लागला, पण आला. "मैं बोलूँगी."

मामू हसले. म्हणाले, "तो हम रुकेंगे."

निकाहाच्या दिवशी आम्ही दोघी आतल्या खोलीत बायकांमध्ये बसलो होतो. मोगऱ्याचा वास, बांगड्यांची किणकिण, मुलीच्या डोक्यावर लाल ओढणी. मामू दोन साक्षीदारांना घेऊन दाराशी आले, मुलाचं नाव आणि मेहेरची रक्कम सांगून त्यांनी विचारलं. मुलीने तोंड उघडलं आणि ती अडली.

खोली निमूट झाली. बाहेरचाही आवाज थांबला. ओढणीखाली तिची हनुवटी थरथरताना दिसत होती. तिची आत्या जवळच होती. बिचारीला राहवलं नाही, "बोल दे बेटी, कु—" म्हणून तिने सुरुवात केली. तेवढ्यात दोन वेण्यांच्या बहिणीने तिचा हात धरला. "रुको, फूफी. आपाकी बारी है."

आत्या थांबली. सगळ्या थांबल्या. दाराशी मामू जमिनीकडे पाहत उभे होते, एक हात चौकटीवर. माझ्या शेजारी बसलेल्या मैत्रिणीचा श्वास मला ऐकू येत होता. आणि शब्द आला. पूर्ण, ठाशीव. कुबूल है.

त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा ती अडली, पुन्हा म्हणाली. मला वाटलं, आता तिसऱ्यांदा सहज येईल. तिसऱ्यांदा सगळ्यात जास्त वेळ लागला. पण तोवर त्या खोलीतली भीती निघून गेली होती. लहान पोरंसुद्धा शांत बसली होती, आणि त्या शांततेत काही अवघड नव्हतं. मी आजवर अनेक मोठ्या माणसांची भाषणं ऐकली, पण एका शब्दासाठी इतकी माणसं इतक्या मायेने थांबलेली पुन्हा पाहिली नाहीत. तिसऱ्यांदा ती म्हणाली तेव्हा तिने मान वर केली होती. आत्या रडू लागली. बाहेर मुबारकबादीचा आवाज उठला.

पुढे आम्ही रविवारी मिळेल तिथे जाऊ लागलो. तेल्हाऱ्याचा बाजार, मूर्तिजापूर, कुठे शाळेचं पटांगण, कुठे एखाद्याचं अंगण. कुठे ऐकलं, कुठे टिंगल झाली. एका गावात पोरांनी आमची नक्कल करत एस.टी.पर्यंत पिच्छा पुरवला. ती वळून त्यांना म्हणाली, "चांगलं जमून राहिलं. आता क वर अडून दाखवा." पोरं पांगली. काही वर्षांनी तिने स्वतः मागून तेल्हाऱ्याला बदली घेतली आणि तिथे मुख्याध्यापिका झाली. मी लग्नानंतर अमरावतीला परत आले. लोक विचारतात, मग बऱ्या झालात का तुम्ही दोघी? नाही झालो. ती तशीच अडते, मी तशीच अडते. शब्द मात्र मी आता बदलत नाही.

साठीचं दशक सरता सरता अमरावतीत शिक्षकांचा मोठा मेळावा झाला. आम्हा दोघींना बोलायला बोलावलं होतं. लाउडस्पीकरवर अडलं की ते अडणंही मोठं होऊन ऐकू येतं. आम्ही अडलो, बोललो. खाली उतरून मांडवाच्या कडेला उभ्या होतो तेव्हा एक मध्यमवयीन शिक्षक गर्दीतून वाट काढत आले. टोपी हातात. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांचे डोळे घट्ट मिटले गेले. मागे लोक जेवायच्या पंगतीसाठी धावत होते, कुणी आम्हाला हाका मारत होतं. ती जागची हलली नाही. मीही नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी आपलं नाव सांगितलं, मग गाव सांगितलं, अंजनगाव. म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपलं नाव कुणासमोर न टाळता सांगतो आहे.

तिने विचारलं, "गुरुजी, कोन्ता वर्ग हाये तुमच्याकडं?"

आणि ते आपल्या वर्गाबद्दल सांगू लागले.